थरारपटाची टायटल्स: पहिल्या दोन मिनिटांत काय कळू द्यायचं?

थरारपटाची टायटल्स करायला घेतली की एक ठरीव सामान आपोआप गोळा होऊ लागतं. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, पाण्यात पसरणारी शाई, वर्तमानपत्राची कात्रणं, बोटांचे ठसे, दोऱ्यांनी जोडलेले फोटो आणि खाली सतत घुमणारा खर्जातला आवाज. यातली एकही गोष्ट मुळात वाईट नाही. अडचण एवढीच की हे सामान कुठल्याही थरारपटाला चालतं, आणि जे कुठल्याही थरारपटाला चालतं ते तुमच्या थरारपटाविषयी काहीच सांगत नाही. लघुपट स्पर्धेसाठी पहिला थरारपट करणारे विद्यार्थी असोत की एखाद्या वेब मालिकेच्या टायटल्सचं काम हाती आलेले मोशन ग्राफिक्सवाले, बहुतेकांची सुरुवात ‘हे दिसायला कसं हवं’ या प्रश्नापासून होते. माझं म्हणणं असं की सुरुवात दुसऱ्याच प्रश्नापासून करावी. टायटल्स संपतील तेव्हा प्रेक्षकाला असं काय ठाऊक असेल, जे पडद्यावरच्या माणसांना ठाऊक नाही? किंवा आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, हे त्याला कशावरून जाणवेल? याचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं तर रंग, अक्षरं, संगीत यांचे निर्णय बरेच सोपे होतात. ते लिहिता येत नसेल, तर संगणकासमोर बसण्याची वेळ अजून आलेली नाही.

हाच प्रश्न का, तर थरारपट मुळात माहितीच्या वाटपावर उभा असतो. पाठलाग, संपत आलेली मुदत, बंद घर, निरपराध माणसावर आलेला आळ, जवळच्या माणसाचा दगा, जिना, आरसा, अर्धवट उजेडातला चेहरा हे या प्रकारातले रुळलेले संकेत आहेत. पण त्यांच्यात जीव येतो तो कुणाला काय कळलं आणि कधी कळलं, यावरून. हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला, तर त्याच निरर्थक गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. बॉम्ब तोच, गप्पा त्याच, बदललं ते फक्त प्रेक्षकाचं ज्ञान. तिसरी मांडणी रहस्यकथेची: पात्राला ठाऊक आहे, प्रेक्षकाला नाही. तुमची कथा यांपैकी कुठल्या मांडणीवर चालते ते टायटल्सच्या आधी ठरलेलं असायला हवं, कारण त्या मांडणीचा पहिला हप्ता प्रेक्षकाच्या हाती टायटल्समध्येच पडतो. दिग्दर्शक तो देवो वा न देवो, प्रेक्षक तो घेतोच. अंधारात बसलेला माणूस पहिल्या चित्रापासून अंदाज बांधायला लागलेला असतो.

डेव्हिड फिंचरचा ‘सेव्हन’ (१९९५) इथे बारकाईनं पाहण्यासारखा आहे. काइल कूपरनं केलेल्या त्याच्या टायटल्सची जगभर इतकी नक्कल झाली की वर सांगितलेलं ठरीव सामान बऱ्याच अंशी तिथूनच आलं, हे वाईट. सिनेमा टायटल्सनं उघडत नाही. आधी निवृत्तीला टेकलेला पोलीस तपास अधिकारी सॉमरसेट दिसतो, एक गुन्ह्याची जागा दिसते, त्याचा नवा जोडीदार मिल्स भेटतो. रात्री सॉमरसेट अंथरुणावर पडून मेट्रोनोमच्या लोलकाची टिकटिक ऐकत झोपायचा प्रयत्न करतो, आणि मग टायटल्स सुरू होतात. त्यात चेहरा कुठेच नाही, फक्त हात आहेत. कुणीतरी बोटांच्या टोकांवरची कातडी पात्यानं खरवडून काढतंय, वहीची पानं सुईदोऱ्यानं शिवतंय, छापील मजकुरातल्या ओळींवर काळं फासतंय, फोटो कापतंय. नावांची अक्षरं हातानं खरवडल्यासारखी, थरथरती, जणू त्याच हातांनी लिहिलेली. मागे ‘नाइन इंच नेल्स’च्या गाण्याचं खरखरतं रूप. हे सगळं भीतीदायक आहे खरं, पण त्याची ताकद भीतीदायक असण्यात नाही. खुनी पडद्यावर प्रत्यक्ष येतो तेव्हा सिनेमा बराच सरलेला असतो. तोवर ज्यानं दिसायचंच नाही, अशा माणसाची उपस्थिती पहिल्या काही मिनिटांत उभी करायची होती. टायटल्सनंतर प्रेक्षकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: हा कुणी पिसाळलेला माणूस नाही. तो सावकाश, नेटकेपणानं आणि बऱ्याच काळापासून काम करतोय. सॉमरसेट आणि मिल्स यांना हे कळायला पुढे कितीतरी वेळ लागतो. ते त्याच्या घरात शिरतात आणि तिथे हातानं लिहिलेल्या वह्यांच्या चळती सापडतात, तेव्हा आपण त्या वह्या शिवल्या जाताना आधीच पाहिलेल्या असतात. बोटांचे ठसे का मिळत नाहीत याचं उत्तरही आपल्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. नक्कल करणाऱ्यांनी थरथरती अक्षरं उचलली आणि हे वाटप मात्र तिथेच सोडून दिलं.

याच सिनेमात आणखी एक निर्णय आहे, आणि माझ्या मते तो दृश्यांहून महत्त्वाचा आहे. खुन्याची भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या टायटल्समध्ये नाहीच. ते शेवटी येतं. टायटल्सची चर्चा होते तेव्हा आपण चित्रांविषयी बोलतो आणि विसरतो की नावांची यादी हीसुद्धा माहितीच आहे, आणि सराईत प्रेक्षक ती पुराव्यासारखी वाचतो. सुरुवातीला एखाद्या नावाजलेल्या नटाचं नाव वाचलं आणि मध्यंतरापर्यंत त्याच्या वाट्याला दोनच किरकोळ प्रसंग आले, तर खुनी कोण हे आपल्याकडचा प्रेक्षक थिएटरच्या कँटीनमध्येच सांगून मोकळा होतो. पटकथा कितीही हुशारीनं लिहिलेली असली तरी नावांच्या क्रमानं ती फोडलेली असते. उलट ‘सायको’त (१९६०) हाच क्रम प्रेक्षकाला चकवतो. कलाकारांच्या यादीत जेनेट ली हिचं नाव सर्वांत शेवटी, वेगळं काढून, तिच्या पात्राच्या नावासह येतं. साहजिकच प्रेक्षक धरून चालतो की ही बाई महत्त्वाची आहे आणि शेवटपर्यंत आपल्या सोबत असणार. पाऊण तासाच्या सुमारास ती न्हाणीघरात मारली जाते. तेव्हा नावांचा क्रम, कुणाचं नाव पुढे, कुणाचं शेवटी टाकायचं, ‘पाहुणे कलाकार’ हे शब्द वापरायचे की नाही, हे फक्त करारावर आणि मानापमानावर सोडू नका. थरारपटात तो पटकथेचा भाग आहे. कलाकारांशी बोलणी करतानाच हा विषय काढावा, संकलनाच्या टेबलावर तो सुटत नाही.

इथे कुणी हरकत घेईल की ‘सायको’च्या टायटल्समध्ये चित्र असं काहीच नाही. सॉल बासनं काळ्या-पांढऱ्या-करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या सरकवल्या आहेत, नावं चिरून बाजूला केली आहेत आणि पुन्हा जुळवली आहेत. यात माहिती कुठली? हरकत रास्त आहे, आणि तिचं उत्तर देताना माझ्या मांडणीत थोडी भर घालावी लागते. टायटल्स कथेविषयीच माहिती देतात असं नाही. पुढचं सगळं कसं पाहायचं, याचीही सवय ती लावतात. ‘सायको’तलं प्रत्येक नाव क्षणभर अखंड होतं आणि लगेच फाटतं. अखंड दिसणाऱ्यावर विसंबू नका, ही सवय दोन मिनिटांत डोळ्यांना लागते, एकही प्रसंग न दाखवता. बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यांवर बांधलेलं संगीत तर पुढे परत येतं, जेनेट लीचं पात्र मॅरियन चोरलेले पैसे घेऊन गाडी हाकत असते तेव्हा. बाहेरून पाहिलं तर एक बाई गाडी चालवतेय एवढंच घडतंय, पण टायटल्सनी त्या सुरावटीला आधीच बेचैनी जोडून ठेवलेली असते. संगीतकाराकडून टायटल्ससाठी सुटा तुकडा मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. टायटल्सचं संगीत पुढे नेमकं कुठे परत येणार आहे ते ठरवूनच ते करून घ्यावं. बासनंच केलेल्या ‘व्हर्टिगो’च्या (१९५८) टायटल्समध्ये बाईच्या डोळ्यातून फिरत निघणारी वलयं पुढे केसांच्या अंबाड्यात आणि मनोऱ्याच्या जिन्यात दिसतात. तिथेही हेच तत्त्व आहे: एक आकार, आधी अर्थाशिवाय हाती दिलेला, नंतर अर्थासकट परत आलेला.

दुसरी हरकत जास्त ऐकू येते. वातावरणनिर्मिती पुरेशी नाही का? प्रत्येक टायटलमध्ये कोडं कशाला हवं? यासाठी ‘द शायनिंग’चं (१९८०) उदाहरण दिलं जातं. डोंगरदऱ्यांतला रस्ता, त्यावरून जाणारी एकटी पिवळी गाडी, हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं, खालून वर सरकणारी निळसर नावं. नुसतं वातावरण, असं म्हणतात. पण कॅमेरा काय करतो ते पाहा. तो गाडीच्या मागे लागतो, तिला गाठतो, तिच्या बाजूनं पुढे जातो आणि एका वळणावर रस्ता सोडून दरीवर तरंगत निघून जातो. माणूस असा पाहू शकत नाही. गाडीतल्या माणसाला वाटतं तो नोकरीच्या मुलाखतीला निघालाय, आणि आपल्याला जाणवतं की कुणीतरी त्याला येताना पाहतंय. हे वातावरण आहेच, पण त्यात ज्ञानाची दरी आहे. नुसत्या धुक्याच्या ड्रोन दृश्यात ती नसते. आपल्याकडे आता ड्रोन भाड्यानं सहज मिळतो, आणि त्यामुळे घाटातल्या रस्त्याचं वरून घेतलेलं दृश्य हे थरारपटाचं नवं ठरीव सामान होऊ पाहतंय. ते वापरायला हरकत नाही. आधी एवढंच ठरवा, हे पाहतंय कोण?

मग प्रत्येक थरारपटाला टायटल्स हवीतच का? नाही, आणि याचा पुरावा ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’नं (१९५८) ठेवला आहे. सुरुवातीलाच एक हात घड्याळ लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवतो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त काळ, एकही काट न घेता, कॅमेरा ती गाडी आणि एक नवविवाहित जोडपं यांच्या मागून सरहद्दीवरच्या गावातून फिरतो. हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्बच इथे रस्त्यावर आणलाय. स्टुडिओनं या दृश्यावर नावं छापली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. वेल्सनं स्टुडिओला ५८ पानांचं टिपण लिहून सिनेमातले बदल सुचवले होते. त्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्चनं १९९८ मध्ये सिनेमाचं नवं संकलन केलं, त्यात सुरुवातीची नावं काढून टाकली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून, गाड्यांच्या रेडिओंतून येणारे आवाज ठेवले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहा, कारण टायटल्सविषयी इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच सापडेल. जुन्या आवृत्तीत आपण नावं वाचतो आणि गाडी नजरेतून निसटते. नव्या आवृत्तीत गाडी गर्दीत दिसेनाशी झाली की आपण ती शोधतो. डोळा एका वेळी एकच काम नीट करतो, वाचतो तरी किंवा शोधतो तरी. म्हणून ज्या दृश्यात प्रेक्षकानं काहीतरी शोधत राहायला हवं, त्यावर नावं टाकू नका. मिखाएल हानेकेनं ‘काशे’मध्ये (२००५) हाच नियम उलटा वापरलाय. पॅरिसमधल्या एका घरासमोर स्थिर कॅमेरा, आणि त्यावर बारीक अक्षरात, ओळीमागून ओळ टाइप होत गेलेली सगळी नावं. आपण मुकाट्यानं वाचत राहतो. घराकडे पाहतोय असं वाटतं, पण पाहणं थांबलेलं असतं. थोड्या वेळानं कळतं की हे दृश्य नव्हतंच, घरावर पाळत ठेवून कुणीतरी काढलेली टेप होती, आणि घरातली माणसं ती आपल्यासोबत पाहत होती.

‘यासाठी पैसा कुठून आणायचा’ या हरकतीलाही ‘काशे’चं उदाहरण पुरतं. तिपायीवरचा कॅमेरा, एक रस्ता आणि अक्षरं, बस. बासच्या पट्ट्या कागद कापूनही करता येतील. महागडी टायटल्स चांगली असू शकतात. फिंचरच्याच ‘पॅनिक रूम’मध्ये (२००२) मॅनहॅटनच्या इमारतींलगत हवेत टांगलेली अवाढव्य अक्षरं होती. पण हातात पैसा नसणं ही टायटल्स पोकळ असण्याची सबब होत नाही. ‘स्किप इंट्रो’च्या बटणाविषयी मात्र जरा थांबून बोलायला हवं. नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये ते आणलं आणि तेव्हापासून निर्माते विचारतात, कुणी पाहणारच नसेल तर खर्च कशाला? मालिकेच्या दहाव्या भागात तीच टायटल्स पुन्हा पाहायला कुणी बांधील नाही, ते बटण दाबणं रास्तच आहे. पण पहिल्या भागात, आणि सिनेमात तर नक्कीच, ते बटण म्हणजे तुमच्या कामाची परीक्षा आहे. टायटल्स गाळल्यावर प्रेक्षकाचं काहीच अडलं नाही, तर दोष त्याच्या उतावळेपणाचा नाही. मालिकेसाठी एक व्यवहार्य तोडगा असा: भागागणिक टायटल्समधला एखादा तपशील बदला, म्हणजे पाहणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं. टायटल्स थोडी उशिरा आणायची झाली तर आधीचा प्रसंगही त्याच हिशेबात धरा. ‘कहानी’त (२०१२) आधी उंदरांवर विषारी वायूचा प्रयोग होतो, मग कोलकात्याच्या मेट्रोत माणसं मरतात, आणि त्यानंतर नवऱ्याच्या शोधात आलेली गरोदर बाई विमानतळावर उतरते. पोलीस ठाण्यातल्यांना ते एका बेपत्ता नवऱ्याचं प्रकरण वाटतं. आपल्याला ते तेवढंच वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. कथेत पुढे ज्याला महत्त्व येणार आहे अशी एकच वस्तू किंवा कृती निवडा, आणि ती अशा टप्प्यावर दाखवा की ती दिसेल पण तिचा अर्थ लागणार नाही. गुन्हेगाराचं अस्तित्व कळू द्या, ओळख नको. गुन्ह्याची पद्धत कळू द्या, कारण नको. इंग्रजी टायटल्सवरून थेट नक्कल करताना देवनागरीचा विचार आधी करा. रोमन अक्षर आडवं चिरून सरकवलं तरी वाचता येतं. देवनागरीत वरची पट्टी हलली की तिच्यासोबत मात्रा, रफार, अनुस्वार जातात आणि ‘मोरे’ आडनावाचं पडद्यावर ‘मार’ उरतं. चिरायचंच असेल तर उभं चिरा, किंवा शिरोरेषाच वेगळी काढून वापरा. आधी नुसती रेघ आणि मग तिच्याखाली उतरणारी अक्षरं, हे देवनागरीला जमतं, रोमनला नाही. त्या रेघेला तुमच्या कथेत काही जागा हवी, विजेची तार, दाराखालची फट, नाडीचा सरळ झालेला आलेख, काहीही. टंकलेखनाचा परिणाम लावताना सॉफ्टवेअर हमखास गोंधळ घालतं: अक्षर आधी उमटतं आणि ऱ्हस्व वेलांटी मागून उडी मारून त्याच्या डावीकडे बसते, जोडाक्षर आधी पाय मोडून दिसतं आणि मग जुळतं. हे टाळायला नावं अक्षरागणिक हातानं तोडून आकारांत बदलून घ्या. वेळ लागतो, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही. प्रत्येक नाव शांतपणे दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहू द्या. मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी अक्षरांचा आकार ठरवा, कारण बारीक अक्षरात आधी मात्रा आणि अनुस्वारच पुसले जातात.

आपल्याकडे टायटल्सच्या आधी प्रमाणपत्र येतं, तंबाखूविषयीची सूचना येते, आभारांची लांबलचक यादी येते, प्राण्यांना इजा झाली नाही हे सांगितलं जातं. यातलं बरंच टळणारं नाही. आभार मात्र शेवटी नेता येतात, आणि प्रायोजकाला ते आधीच समजावून सांगावं. उरलेल्या पाट्यांवर निदान ढोलताशाचं किंवा भक्तिगीताचं संगीत लावू नका. त्या मूक ठेवा आणि सिनेमातला पहिला आवाज शेवटच्या पाटीवरच सुरू करा. टायटल्स पूर्ण झाली की कथा ठाऊक नसलेल्या तीन-चार जणांना तेवढीच दाखवा. ‘कशी वाटली’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ‘आता पुढे काय होईल असं वाटतंय’ असं विचारा. ‘भीतीदायक आहे’ एवढंच उत्तर आलं तर तुमच्याकडे अजून फक्त सामान आहे. ‘त्या घरावर कुणीतरी नजर ठेवून आहे’ असं उत्तर आलं तर काम झालं. कुणी खुन्याचं नाव सांगितलं, तर ज्या चित्रामुळे किंवा ज्या नावामुळे ते सुचलं ते कुठलं हे त्याच्याकडूनच काढून घ्या आणि तेवढं कापा. मग हीच चाचणी आवाज बंद करून दुसऱ्या तिघांवर घ्या, कारण संगीत काढल्यावर पुष्कळदा लक्षात येतं की सगळी बेचैनी वाद्यांची होती आणि चित्रं नुसती सरकत होती.